जुन्या शिडाच्या होडीच्या खिडक्या : नाव शोधू नका, भोक मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सत्तरच्या दशकातली २४ फुटी फायबरची शिडाची होडी, बांधणारी परदेशी कंपनी केव्हाच बंद झालेली, होडी सध्या तापोळ्याला शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात). चार लहान उघडणाऱ्या खिडक्या, दोन लांबट बंद खिडक्या. ॲल्युमिनियमच्या चौकटींवर पांढरी पूड धरलीय, ॲक्रिलिकमध्ये (काचेऐवजी लावलेल्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये) जाळीसारख्या चिरा पडल्यात, पावसाळ्यात गाद्या भिजतात. पुढच्या हंगामात होडी कोकणात समुद्रावर न्यायची आहे आणि हुबेहूब तशाच खिडक्या सातारा-सांगली भागात कुठे मिळतील, हे हवंय.

हुबेहूब तशा कुठेच मिळणार नाहीत, आणि त्यांच्या शोधात हंगाम घालवू नका. त्या काळी बहुतेक होडी बांधणारे खिडक्या बाहेरून विकत घेत. त्यामुळे होडीच्या नावावरून शोध लागत नाही. चौकट उतरवल्यावर आतल्या बाजूला किंवा बिजागरीखाली ओतीव अक्षरं वा क्रमांक दिसला तर तो खिडकी बनवणाऱ्याचा. तेवढा टिपून ठेवा. बाकी सगळं भोकाच्या मापावर ठरतं.

मापं घ्यायच्या आधी एक पाहा : खरंच चौकट गेली आहे का? पांढरी पूड वायर ब्रशने काढून खाली घट्ट धातू लागला, बिजागरीचे कान शाबूत असले आणि चौकट सपाट काचेवर ठेवल्यावर हलत नसली, तर ती चौकट अजून बरीच वर्षं चालेल. मग बदलायचं ते फक्त ॲक्रिलिक, गास्केट (झाकणाखालची रबरी पट्टी) आणि मागचा सीलंट (फट बुजवणारा लेप). गळणाऱ्या जुन्या खिडक्यांत पाणी बहुधा चौकटीतून येत नाही. ते चौकट आणि केबिनची भिंत यांच्यामधल्या वाळून गेलेल्या सीलंटमधून येतं. स्क्रूच्या भोवती धातू पोकळ झाला असेल किंवा चौकट पिळली असेल, तरच नवी बघा.

उतरवताना घाई नको. स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये गंजून जाम झालेले असतात. आदल्या दिवशी भेदक तेल सोडा, दुसऱ्या दिवशी सोल्डरिंग आयर्नने स्क्रूचं डोकं तापवा आणि मग नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर हातोडीने ठोकून बसवून फिरवा. सीलंट कापायला दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधलेली बारीक तार वापरा. पान्याने चौकट उचकटली तर ती वाकते आणि भिंतीचं जेलकोटही (फायबरवरचा चकचकीत रंगीत थर) उपसून येतं. निघालेल्या प्रत्येक चौकटीवर आणि तिच्या भोकाशी मार्करने ‘डावी १’, ‘उजवी १’ असं लिहा. ती भोकं हातातल्या जिगसॉने कापलेली आहेत. डाव्या-उजव्यात ३ ते ५ मिलिमीटरचा फरक सहज असतो.

आता मापं. भोकाची लांबी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी घ्या आणि त्यातलं मोठं माप धरा. कोपऱ्याची त्रिज्या डोळ्याने सांगू नका, कारण इथेच बहुतेकांची खरेदी वाया जाते. लांबी-उंची जुळते, पण नव्या चौकटीचा कोपरा जास्त गोल निघतो आणि जुन्या भोकाचे चार कोपरे उघडे दिसतात. जाड पुठ्ठ्यावर आतून पेन्सिल फिरवून भोकाचा छाप काढा आणि तो कापून प्रत्येक भोकात घालून बघा. भिंतीची जाडी व्हर्निअरने चारही बाजूंना मोजा, आतली लाकडी पट्टी किंवा रेक्झिन धरून आणि वगळून अशी दोन्ही. उघडणाऱ्या खिडकीला आत जाणारी कॉलर असते. तिची खोली भिंतीच्या जाडीपेक्षा कमी पडली तर आतली रिंग आवळता येत नाही. शेवटी बाहेरून स्टीलची पट्टी आडवी लावून टोकांना किती फट राहते ते बघा. फट २ मिलिमीटरपर्यंत असली तर सीलंट ती सांभाळून घेतो. जास्त असली तर धातूची चौकट आवळू नका, बोल्टच्या जोरावर तिला वाक दिला की काच तडकते. मागे इपॉक्सीने बैठक सपाट करून घ्यावी लागते.

हे आकडे हातात आले की तयार माल बघता येतो. परदेशी बाजारात लुमार आणि व्हेटस यांच्या ॲल्युमिनियम चौकटी, बेकसनच्या प्लास्टिकच्या आणि न्यू फाउंड मेटल्सच्या स्टेनलेस व ब्राँझच्या खिडक्या मिळतात. त्यांच्या पत्रकात भोकाचं माप, कॉलरची खोली आणि कोपऱ्याची त्रिज्या दिलेली असते, ती पुठ्ठ्याशी ताडून पाहा. नवं माप जुन्या भोकापेक्षा थोडं मोठं निघालेलं चालतं, भोक कानशीने वाढवता येतं. लहान निघालं तर नको. केबिनची बाजू आत झुकलेली असेल तर खालच्या काठाला पाणी बाहेर सोडणारा सांडवा असलेलाच प्रकार घ्या. नाहीतर खिडकी उघडली की काठावर साचलेलं पाणी थेट गादीवर. दोन लांब बंद खिडक्यांच्या मापाचा तयार माल मिळण्याची आशा मात्र फार धरू नका.

मुंबईत दारूखान्यात किंवा गुजरातमधल्या अलंगच्या जहाजभंगाराच्या मालात पितळी पोर्टहोल (जहाजाच्या गोल खिडक्या) दिसतात आणि मोह होतो. मोठ्या जहाजाचं अस्सल पोर्टहोल इतकं जड असतं की २४ फुटी होडीच्या केबिनवर अशी चार चढवली तर वजन वर जाऊन होडी जास्त कलू लागते. हलकं मिळालं तर ते बहुधा हॉटेलच्या भिंतीसाठी बनवलेलं पातळ पितळ असतं. शिवाय साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त सोडतं आणि ठिसूळ होतं.

आपल्या भागाचं बलस्थान वेगळं आहे, आणि माझ्या मते तुमच्या बंद खिडक्यांसाठी तोच रस्ता धरावा. सांगली, कुपवाड, सातारा, कराड या पट्ट्यात साखर कारखाने आणि दूध संघांची कामं करणारे स्टेनलेस फॅब्रिकेटर आहेत. त्यांना ३१६ म्हणजे काय (मॉलिब्डेनम असलेलं, खाऱ्या पाण्यात ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसपेक्षा जास्त टिकणारं स्टेनलेस) हे समजावून सांगावं लागत नाही. ३१६ एलच्या (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार) ३ मिलिमीटर पत्र्यातून लेझरने प्रत्येक खिडकीसाठी दोन रिंगा कापून घ्या, एक बाहेरची आणि एक आतली, पट्टीची रुंदी ३० मिलिमीटर. दोन रिंगांच्या मध्ये भिंत आणि ॲक्रिलिक सँडविचसारखं बसतं. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करायला सांगा आणि पिकलिंग पेस्ट (कापल्याचा काळा थर काढणारी आम्लाची लेई) लावून धुऊन घ्या. लेझरचा काळा काठ तसाच ठेवला तर तिथूनच तांबूस डाग सुरू होतो. ३०४ आणि ३१६ चुंबकाने वेगळे ओळखता येत नाहीत. मॉलिब्डेनम दाखवणारं थेंबाचं टेस्ट किट असतं, ते दुकानातच लावून घ्या. तलावापुरतं ३०४ चालेल, पण तुम्हाला समुद्रावर जायचं आहे.

बोल्ट एम-५, दर ७० ते ८० मिलिमीटरला एक. आतून दिसायला नीट हवं तर ३१६ च्या सळईतून लेथवर नळीसारखे टोपीनट करून घ्या, बाहेरून काउंटरसिंक स्क्रू (डोकं पृष्ठभागाशी सपाट बसणारा) त्यात बसतो. नळीची लांबी भिंत, ॲक्रिलिक आणि रिंगांच्या एकूण जाडीपेक्षा ४-५ मिलिमीटर कमी ठेवा, म्हणजे आवळायला जागा राहते.

लहान उघडणाऱ्या खिडक्यांची चौकट ओतून घ्यायची असेल तर कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांकडे जा. जुनी चौकटच पॅटर्न (साचा उमटवायचा नमुना) म्हणून दिली तर नवी लहान येते. ॲल्युमिनियम थंड होताना सुमारे १.३ टक्के आकसतं, म्हणजे ४०० मिलिमीटरच्या चौकटीत ५ मिलिमीटर गेले. पॅटर्नवाल्याला आकसाची भर घालून लाकडी पॅटर्न करायला सांगा, आणि गास्केटची खाच व सपाट बैठक ओतल्यानंतर मिलिंगवर काढून घ्या. धातू एलएम-६ (ओतकामाच्या ॲल्युमिनियमची एक प्रत) मागा. त्यात तांबं जवळजवळ नसतं, म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं. भंगारातून वितळवलेलं ‘साधं ॲल्युमिनियम’ किंवा एलएम-२४ घेतलं तर त्यातलं तांबं काही पावसाळ्यांत पुन्हा तीच पांढरी पूड आणेल. एलएम-६ वर ॲनोडायझिंग मळकट करडं येतं, पावडर कोटिंग बरं. फक्त चार नगांसाठी पॅटर्नचा खर्च अंगावर येतो, तेव्हा तयार खिडकी मापात बसत असेल तर तीच घ्या.

काचेच्या जागी साधी काच नकोच. ॲक्रिलिक घ्या, आणि ते ‘कास्ट’ (साच्यात ओतून केलेलं) असल्याची खात्री करा. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडचा स्वस्त पत्रा बऱ्याचदा एक्सट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेला) असतो. तो ड्रिलला चिकटतो, वितळतो आणि सॉल्व्हंट लागला की चिरतो. पॉलिकार्बोनेट फुटत नाही हे खरं, पण त्यावर लवकर ओरखडे पडतात आणि उन्हाने ते पिवळं होतं. लहान खिडक्यांना ८ मिलिमीटर, लांब खिडक्यांना १० मिलिमीटर जाडी धरा. समुद्रासाठी जाडीचा हिशेब आयएसओ १२२१६ या मानकात आहे. त्यात खिडकीचा आकार आणि होडीवरची जागा पाहून जाडी ठरते.

ॲक्रिलिक लेझरवर कापू नका. कड आरशासारखी दिसते, पण तिच्यात ताण अडकून राहतो आणि स्पिरिटने पुसताच बारीक चिरा उमटतात. सीएनसी राउटरवर कापा. ड्रिलचं टोक मुद्दाम थोडं बोथट करा, खाली लाकडाचा तुकडा घट्ट धरा, फेरे कमी ठेवा. आणि भोकं मोठी पाडा : एम-५ बोल्टला ८ मिलिमीटर. एक मीटर ॲक्रिलिक तापमान एक अंशाने वाढलं की सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतं. पहाटे १५ अंश आणि उन्हात तापून ५५ अंश धरले तर ७५० मिलिमीटरची काच २ मिलिमीटर सरकते. जागा नसली की भोकापासून चीर निघते. तुमच्या चिरांची सुरुवात जुन्या स्क्रूंपाशीच आहे का, बघा. याच कारणासाठी काउंटरसिंक ॲक्रिलिकमध्ये करू नका, तो स्टीलच्या रिंगेत असू दे.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. केबिनची भिंत बहुधा दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा (एक अतिहलकं लाकूड) किंवा प्लायवूड अशी आहे. भोकाच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लाकूड काळं आणि मऊ असेल तर ते काढावंच लागेल, कितीही महाग खिडकी लावली तरी. चांगलं असेल तरी कडेपासून १० ते १२ मिलिमीटर आत खोदून घ्या. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून फिरवला की लाकूड निघतं आणि फायबर राहतं. जागा पूर्ण वाळू द्या. मग आधी नुसतं पातळ इपॉक्सी ब्रशने पाजा, आणि ते चिकट असतानाच त्यात सिलिका पावडर घालून घट्ट श्रीखंडासारखं केलेलं इपॉक्सी दाबून भरा. एलवाय ५५६ (रेझिन) आणि एचवाय ९५१ (हार्डनर) ही इपॉक्सीची जोडी वापरत असाल तर १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर, वजनकाट्यावर. अंदाजाने ओतलेलं इपॉक्सी चिकटच राहतं. बोल्टची भोकंही अशीच मोठी पाडून, भरून, पुन्हा पाडायची, म्हणजे पुढे कधी गळती झालीच तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. जुन्या थरावर पॉलिएस्टर रेझिन तितकं धरत नाही, ते इथे नको.

सीलंटमध्ये चूक झाली तर सगळी मेहनत जाते. ॲक्रिलिकला किंवा प्लास्टिक चौकटीला पॉलिसल्फाइड जातीचा सीलंट लावू नका, तो प्लास्टिक खातो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, ते धातू गंजवतं. न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं सिलिकॉन) मागा. धातूची चौकट आणि फायबर यांच्यामध्ये ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) उत्तम : एकदम आवळू नका, दोन-तीन दिवस रोज थोडं आवळा, बाहेर येईल ते कापा. ॲक्रिलिकला डाऊसिल ७९५ हे इमारतींच्या काचकामातलं सिलिकॉन चांगलं. त्याला किमान २-३ मिलिमीटर जाडी मिळाली पाहिजे, म्हणून आतल्या कडेने थ्रीएमचा व्हीएचबी ४९९१ हा दोन्ही बाजूंनी चिकटणारा फोम टेप लावा, तो २.३ मिलिमीटर जाड आहे. बोल्ट आवळून सगळं सिलिकॉन पिळून काढलं तर ॲक्रिलिक सरकताना उरलेला पातळ थर फाटतो. सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, त्यामुळे रंगकाम आधी आणि मास्किंग टेप भरपूर. स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमला जिथे भिडतो तिथे टेफ-जेल किंवा ड्युरालॅक (दोन धातूंमधला गंज रोखणारे लेप) लावा, नाहीतर गंजाची तीच कथा पुन्हा.

बसबॉडीवाल्यांकडची काळी लॉकिंग रबर बीडिंग स्वस्त आहे आणि तलावात चालूनही जाईल. समुद्रावर मात्र लाटेचा मार बसला की काच बीडिंगमधून आत ढकलली जाते. लांब खिडक्यांना तर अजिबात नको.

उघडणाऱ्या खिडक्यांच्या गास्केटसाठी दूध टाक्यांच्या झाकणांना लागते ती सिलिकॉन कॉर्ड किंवा ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) स्पंज कॉर्ड घ्या. खाचेच्या खोलीपेक्षा ती इतकी जाड हवी की झाकण बंद केल्यावर पाव हिस्सा दबेल. त्याहून जाड घेतली तर बिजागरीचा कान तुटतो. जोड वरच्या बाजूला, कारण पाणी खाली साचतं. ईपीडीएमचा जोड फेव्हिक्विकने, सिलिकॉन कॉर्डचा सिलिकॉन सीलंटने, कारण सिलिकॉनला फेव्हिक्विक नीट धरत नाही. ईपीडीएमला ग्रीस किंवा तेल लावू नका, ते फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर आटपा. महाबळेश्वरच्या त्या डोंगरपट्ट्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून लाकूड वाळत नाही आणि फायबरवर दमट थर कायम असतो. सीलंट लावल्यावर दोन आठवडे होडी हलवू नका. मग आतून खिडकीभोवती खडूची पूड फासा आणि एकाने बाहेरून नळी धरा. आधी फक्त खालची कड १० मिनिटं, मग बाजू, शेवटी वरची कड. उलट क्रमाने केलं तर वरून शिरलेलं पाणी खालच्या कोपऱ्यात दिसतं आणि चांगला जोड उगाच उकलला जातो. पूड जिथे आधी काळवंडेल, त्या जागेच्या शेजारचे दोन बोल्ट काढून तेवढाच सीलंट पुन्हा करा.

भोकाची मापं, कोपऱ्याची त्रिज्या आणि भिंतीची जाडी इथे लिहा. कोणती तयार खिडकी बसेल ते बघता येईल.