मुलाच्या नावाचं सरकारी खातं: करारावर सही करण्याआधी

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आता सरकारी शाळेवर खर्च होणाऱ्या पैशांतला वाटा पालकांच्या हाती असलेल्या खात्यात जमा होतो. त्यातून खासगी शाळेची फी, शिकवणी, पुस्तकं, थेरपी असे ठरावीक खर्च करता येतात. या खात्यांना एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंट म्हणतात, थोडक्यात ईएसए. ॲरिझोना आणि टेक्सासमधल्या मराठी वाचकांचे या विषयावर बरेच प्रश्न आले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. राज्य बदललं की नियम बदलतो, त्यामुळे उत्तर कुठल्या राज्याबद्दल आहे याकडे लक्ष असू द्या.

प्रश्न : आमची मुलगी चँडलरच्या सरकारी शाळेत पाचवीत आहे. शाळा चांगली आहे, बदलायची नाही. ईएसएच्या पैशांतून तिची गणिताची शिकवणी आणि रविवारच्या मराठी शाळेची फी भरता येईल का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे. ईएसए हा सरकारी शाळेवरचा बोनस नाही. ॲरिझोनात खातं उघडताना पालक राज्याच्या शिक्षण विभागाशी करार करतात. मुलाला सरकारी किंवा चार्टर शाळेत (सरकारी पैशांवर चालणारी, पण कारभार स्वतंत्र असलेली शाळा) घालणार नाही आणि वाचन, व्याकरण, गणित, समाजशास्त्र व विज्ञान हे विषय शिकवण्याची जबाबदारी आपली, हे त्यात मान्य करावं लागतं. सरकारी ऑनलाइन शाळाही यात आली. मुलाचं नाव सरकारी शाळेत आहे आणि ईएसए खातंही चालू आहे असं आढळलं तर खातं गोठतं आणि खर्च केलेले पैसे परत मागितले जातात. हे बहुतेकदा मुद्दाम होत नाही. उन्हाळ्यात करारावर सही होते, पण जुन्या शाळेतून नाव काढायचं राहून जातं आणि ऑगस्टमध्ये त्या शाळेच्या पटावर मूल दिसतं. म्हणून शाळेकडून नाव काढल्याचा लेखी कागद घ्या.

घरी शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक मेख आहे. होमस्कूलिंगसाठी (मुलाला शाळेत न घालता घरी शिकवण्यासाठी) काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे, जे प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते आणि ईएसए एकत्र चालत नाहीत. घरीच शिकवा, पण कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘होमस्कूलर’ नसता. जुनं प्रतिज्ञापत्र आधी मागे घ्यायचं.

मूल ईएसएवर असेल तर मराठीचा वर्ग भाषेची शिकवणी म्हणून मांडता येतो. मात्र वर्ग चालवणाऱ्याने रीतसर बिल द्यायला हवं आणि शिकवणाऱ्याच्या पात्रतेचा पुरावाही. बऱ्याच मराठी शाळा स्वयंसेवकांवर चालतात आणि फी मंडळाच्या खात्यात एकरकमी जाते, त्यामुळे अडतं ते कागदावरच. आईने स्वतःच्या मुलाला शिकवून त्याचं मानधन खात्यातून घेतलेलं मात्र चालत नाही.

प्रश्न : नक्की किती पैसे मिळतात आणि कधी? खासगी शाळेने जागा राखण्यासाठी मार्चमध्येच रक्कम मागितली आहे. (फिनिक्स)

ॲरिझोनात ही रक्कम राज्य चार्टर शाळेला त्याच मुलामागे जितकं देतं, त्याच्या ९० टक्के असते. विशेष गरजा नसलेल्या, पहिली ते बारावीच्या मुलासाठी वर्षाला साधारण ७ ते ८ हजार डॉलर. किंडरगार्टनला जवळपास निम्मे, कारण राज्य किंडरगार्टनच्या मुलाला अर्ध्या दिवसाचं धरतं. शाळा मात्र फी पूर्ण दिवसाचीच घेते. पाच वर्षांच्या मुलाचे पालक पहिल्या वर्षी इथेच गोंधळतात.

पैसे एकदम येत नाहीत. जुलै ते सप्टेंबर पहिली, ऑक्टोबर ते डिसेंबर दुसरी, अशा चार तिमाह्यांत हप्ते जमा होतात. अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. मुलाचा जन्मदाखला, राज्यात राहत असल्याचा पुरावा आणि पालकाचं ओळखपत्र लागतं. पण हप्ते करार झाल्यापासूनचेच मिळतात, मागचे नाहीत. त्यामुळे जानेवारीत करार केला तर वर्षाची निम्मी रक्कम गेली असं समजा.

मार्चमध्ये जागेसाठी भरलेली रक्कम कराराआधीची असेल तर ती खिशातूनच गेली. शाळेला थेट विचारा : तिमाही हप्ते चालतात का, की सत्राची फी आगाऊ हवी? आगाऊ हवी असेल तर मधल्या दोन-तीन महिन्यांची सोय तुम्हालाच करावी लागेल. शाळा मध्येच सोडली आणि फीचा काही भाग परत मिळाला, तर तो ईएसए खात्यातच जमा व्हायला हवा. शाळेने चेक तुमच्या नावे दिला तर तो बँकेत भरू नका, बदलून मागा.

बेरीज करताना फक्त फी धरू नका. गणवेश, बस, जेवण, नोंदणी, सहलीची वर्गणी, सगळं मांडा. वार्षिक फी १४ हजार आणि खातं साडेसात हजारांचं असेल तर उरलेले साडेसहा हजार दर वर्षी तुमचे. शाळांना खात्यातली रक्कम ठाऊक असते. आयोवा राज्यात अशी खाती सुरू झाल्यावर खासगी शाळांनी फी वाढवल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. म्हणून गेल्या तीन वर्षांची फी विचारून घ्या. सांगायला का-कू करणाऱ्या शाळेबद्दल आमचं मत चांगलं नाही.

ॲरिझोनात करसवलतीतून जमलेल्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थाही शिष्यवृत्त्या देतात. ती शिष्यवृत्ती आणि ईएसए एकाच वेळी घेता येत नाही. मोठी शिष्यवृत्ती मिळत असेल तर दोन्ही आकडे शेजारी मांडून मगच ठरवा.

प्रश्न : आम्ही घरी शिकवतो. खरेदीची बिलं वारंवार नामंजूर होतात. काय चुकतंय?

ॲरिझोनात खर्च क्लासवॉलेट या प्रणालीतून होतो. तिथल्या नोंदणीकृत दुकानातून खरेदी करता येते, शाळेला किंवा शिकवणीवाल्याला थेट पैसे पाठवता येतात, किंवा आधी स्वतः खर्च करून भरपाई मागता येते. बिलं बहुधा तिसऱ्या वाटेवर अडकतात.

पहिलं कारण पावती. कार्डची स्लिप किंवा बँकेची नोंद म्हणजे पावती नव्हे. विक्रेत्याचं नाव, तारीख, प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत, पैसे मिळाल्याची नोंद हे सगळं हवं, आणि शिकवणी असेल तर मुलाचं नाव, विषय व तास. ‘ट्युटरिंग, ३०० डॉलर’ एवढंच लिहिलेलं बिल परत येणारच.

दुसरं कारण पूरक साहित्य. सूक्ष्मदर्शक, भूमितीचे ठोकळे, वाद्य, रंग या वस्तू चालतात. पण कुठल्या अभ्यासक्रमाचा त्या भाग आहेत ते दाखवावं लागतं. राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने २०२४ मध्ये विचारणा केल्यापासून हा मुद्दा कडक झाला. त्याआधी लेगोचे महागडे संच आणि स्कीइंगचे पास या पैशांतून घेतल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. अभ्यासक्रम विकतचाच हवा असं नाही. पण विषय, धडा, त्यात काय शिकायचं आणि त्यासाठी कोणती वस्तू लागते हे पानभर लिहून बिलासोबत जोडा. ‘मुलाच्या शिक्षणासाठी उपयुक्त’ हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही.

तिसरं, एकाच बिलात घरचं आणि शाळेचं मिसळू नका. वह्यांसोबत दुधाची पिशवी आली की अख्खं बिल अडू शकतं.

आणि पैसे मिळाले म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. तपासणी नंतरही होते. लहान रकमांची बिलं पटकन मंजूर होतात म्हणून बेफिकीर होऊ नका, मूळ पावत्या वर्षवार जपून ठेवा.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. सरकारी शाळेत आयईपी (अपंग मुलासाठी शाळेने लिहून दिलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) आहे, पण स्पीच थेरपी आठवड्यातून एकदाच मिळते. ईएसएमध्ये रक्कम मोठी मिळते असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. ॲरिझोनात रक्कम अपंगत्वाच्या प्रकारावर ठरते आणि ऑटिझमसाठी ती वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर जाऊ शकते. थेरपी, मदतनीस, सहायक उपकरणं हे खर्च या मुलांसाठी खुले आहेत. २०११ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तोच मुळी अपंग मुलांसाठी.

पण त्याची किंमत आधी समजून घ्या. सरकारी शाळेत तुमच्या मुलाच्या पाठीशी ‘आयडिया’ हा केंद्रीय कायदा उभा आहे. मोफत आणि त्याच्या गरजेला साजेसं शिक्षण हा त्यातला त्याचा हक्क. आयईपीत लिहिलेली सेवा शाळेने दिली नाही तर पालकांना तक्रार, सुनावणी आणि शेवटी न्यायालय असे मार्ग आहेत. ईएसए घेतल्यावर मूल ‘पालकांनी स्वतः खासगी शिक्षणात ठेवलेलं’ ठरतं आणि तो वैयक्तिक हक्क राहत नाही. खासगी शाळा आयईपी पाळायला बांधील नसते. ती प्रवेश नाकारू शकते, आणि वर्षाच्या मध्यात ‘आम्हाला जमणार नाही’ असंही सांगू शकते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मूल्यमापन, मग करार. वाढीव रकमेसाठी डिस्ट्रिक्टचा, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, मूल्यमापन अहवाल लागतो, खासगी डॉक्टरांचं निदान पुरत नाही. लेखी विनंती करा. तुम्ही संमतीपत्र दिल्यापासून ६० दिवसांत मूल्यमापन पूर्ण व्हायला हवं. अहवालात अपंगत्वाचा कोणता प्रकार लिहिला आहे ते नीट वाचा, कारण रक्कम त्याच शब्दावर ठरते. ऑटिझमऐवजी नुसतं ‘वाचादोष’ लिहिलं असेल तर रक्कम फारच कमी होते. पूर्ण आयईपीची प्रतही घेऊन ठेवा. पुढे परतायची वेळ आली तर तुमच्या पत्त्याच्या डिस्ट्रिक्टला मुलाला घ्यावंच लागतं, आणि तेव्हा जुने कागद वेळ वाचवतात.

सही करण्याआधी दोन फोन करा : थेरपिस्टकडे जागा आहे का, आणि तो ईएसएचे पैसे घेतो का. खात्यात ३० हजार आहेत आणि थेरपिस्टची प्रतीक्षायादी आठ महिन्यांची आहे, अशा स्थितीत आठवड्याचा तो एक तासही हातचा जातो. आयईपीची बैठक पुन्हा बोलावून तासांची वाढ मागणं हा मार्गही खुला आहे. तो आधी वापरून पाहा.

प्रश्न : व्हाउचर म्हणायचं सोडून ‘खातं’ कशाला?

न्यायालयामुळे. व्हाउचर म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकार देत असलेली रक्कम. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती व्हाउचर रद्द केली, कारण राज्याच्या घटनेनुसार सरकारी पैसा थेट खासगी वा धार्मिक शाळांच्या मदतीला जाऊ शकत नाही. मग २०११ मध्ये असं खातं आणलं की ज्यातून शाळेची फी हा अनेक खर्चांपैकी एक असेल. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. पुढे सर्व मुलांसाठी विस्तार करणारा कायदा २०१८ च्या सार्वमतात मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला, तरी २०२२ मध्ये विधिमंडळाने नव्या कायद्याने तेच केलं. राजकारण अजून तापलेलं आहे, त्यामुळे आजचे नियम पाच वर्षांनी तसेच असतील असं गृहीत धरू नका.

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो, दोघंही आयटीत. मुलगा एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे. टेक्सासच्या नव्या योजनेत बसतो का?

टेक्सासचा कायदा मे २०२५ मध्ये झाला आणि खाती २०२६-२७ या शालेय वर्षापासून आहेत. मूल अमेरिकी नागरिक किंवा देशात कायदेशीर प्रवेश मिळालेलं असावं, अशी त्यात अट आहे. एच-४ वर आलेलं मूल त्या शब्दांत बसतं.

तुमची अडचण दुसरी आहे, उत्पन्नाची. ॲरिझोनात पात्र असाल तर खातं मिळतं, टेक्सासमध्ये मात्र निधीला मर्यादा आहे, पहिल्या टप्प्यात १ अब्ज डॉलरची. अर्ज जास्त आले तर प्राधान्यक्रम आणि सोडत. आधी कमी व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांतली अपंग मुलं, मग कमी उत्पन्नाची कुटुंबं, मग मध्यम. केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या पाचपटीहून जास्त उत्पन्न असलेली कुटुंबं शेवटी आणि त्यांच्यासाठी जास्तीत जास्त २० टक्के निधी. चौघांच्या कुटुंबासाठी ही रेषा १ लाख ६० हजार डॉलरच्या पुढेमागे येते. दोन आयटी पगारांत ती सहज ओलांडली जाते. म्हणजे अर्ज करा, पण खासगी शाळेची अनामत या भरवशावर भरू नका.

मान्यताप्राप्त खासगी शाळेसाठी रक्कम साधारण १० हजार डॉलर, घरी शिकवणाऱ्यांना जास्तीत जास्त २ हजार, अपंग मुलांना ३० हजारांपर्यंत. संगणक आणि सॉफ्टवेअरवर वर्षाच्या रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही.

प्रश्न : आयोवात घरी शिकवण्यासाठी खातं मिळतं का?

नाही. तिथे मान्यताप्राप्त खासगी शाळेत प्रवेश हवाच. २०२३ च्या कायद्यातली उत्पन्नाची अट २०२५-२६ पासून गेली आहे, शाळेची अट कायम आहे.

प्रश्न : वर्षअखेरीस काही पैसे शिल्लक राहतील. आणि पुढच्या वर्षी कदाचित न्यू जर्सीला किंवा पुण्याला परत जाऊ. (टेंपी)

शिल्लक पुढच्या वर्षात जाते आणि बारावीनंतर कॉलेजच्या फीसाठीही वापरता येते. पण ॲरिझोना सोडलं की खातं बंद होतं आणि उरलेली रक्कम राज्याकडे जाते. ते ना दुसऱ्या राज्यात नेता येतं, ना भारतात. मुक्काम हलायची शक्यता असेल तर साठवत बसू नका. मंजूर होणारा, खरोखर लागणारा खर्च वेळेत करा आणि स्थलांतराची तारीख विभागाला कळवा. निघून गेल्यानंतरचे व्यवहार वसुलीत जातात.

प्रश्न : महाराष्ट्रात पालकांच्या हातात असं खातं आहे का?

नाही. इथे सर्वांत जवळची सोय म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा. त्यात पैसा पालकांकडे येत नाही, सरकार शाळेला प्रतिपूर्ती देतं. शाळा आणि सरकार यांच्यातला थकबाकीचा वाद त्यातूनच दर वर्षी उठतो. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ती लागू नाही. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतो. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना सूट देणारा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला, त्यामुळे खासगी शाळा पुन्हा यादीत आल्या.

हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागते, तेव्हा पर्याय निवडतानाच नववी-दहावीची फी विचारून घ्या.