समाजाची संस्कृती त्याची युद्धपद्धती ठरवते का?

युद्धाची रीत शस्त्रे आणि भूगोल ठरवतात की समाजाची संस्कृती आणि इतिहास, असे आपण विचारले आहे. मी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात शेती करतो. इंग्रज आणि मराठे यांच्यातली १८०३ ची अडगावची लढाई याच परिसरात झाली, म्हणून उत्तर मराठ्यांच्या उदाहरणाने देतो.

मराठी फौजेत शेतकरी मोठ्या प्रमाणावर होते. खरिपाची कामे आटोपल्यावर दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघायचे आणि पावसाळ्याआधी परतायचे, हा क्रम शेतीने घालून दिला होता. पण हंगामाने सारेच ठरत नाही. प्राचीन ग्रीसमधले नागरिक सैनिकही बहुतांशी शेतकरीच होते आणि त्यांनाही परतण्याची घाई असे, तरी त्यांनी ढालीला ढाल भिडवून मोकळ्या मैदानात एका दिवसात निकाल लावण्याची रीत पत्करली. याउलट दख्खनमध्ये मलिक अंबराच्या काळापासून मोगलांच्या अवजड फौजेची रसद तोडून तिला थकवण्याचा अनुभव साठत गेला होता, आणि शिवाजी महाराजांनी त्याला किल्ल्यांची व शिस्तीची जोड दिली. गनिमी कावा असा इतिहासातून घडला आहे.

तो रक्तात असतो, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन या युरोपीय सेनानीस चाकरीत घेतले आणि वीस वर्षांच्या आत शिंद्यांकडे कवायती पायदळ व उत्कृष्ट तोफखाना उभा राहिला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले; २९ नोव्हेंबरला अडगावला तोफा सुरू होताच असईत टिकलेल्या इंग्रजांच्याच काही पलटणी मागे वळल्या आणि इंग्रज सेनापती वेलस्लीला त्यांना स्वतः सावरावे लागले. तरी दोन्ही लढायांत मराठे हरले; त्या पराभवाचे कारण शस्त्रांत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते. शिंद्यांच्या पलटणींचे अधिकारी पगारी युरोपीय होते, सरदारांची निष्ठा वतन आणि सरंजामात गुंतलेली होती, आणि इंग्रजांनी फोडाफोडी सुरू करताच अनेक अधिकारी निघून गेले. त्यांची जागा घेणारा आपला अधिकारीवर्ग या समाजरचनेतून तयार झाला नव्हता. माझ्या मते संस्कृतीचा खरा परिणाम येथे दिसतो.

पुढच्याच वर्षी, १८०४ मध्ये, यशवंतराव होळकरांनी गनिमी काव्याच्या जुन्या रीतीने घोडदळ घेऊन इंग्रज अधिकारी मॉन्सनच्या फौजेला राजस्थानातल्या मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळले, तेही ऐन पावसाळ्यात, इंग्रजांना तोफा चिखलात सोडाव्या लागल्या तेव्हा.