एसी काढला तर गाडी घाट चढेल का?

प्रश्न : माझ्याकडे १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, एसी मॉडेल. एसी दोन वर्षं बंदच आहे, गॅस भरला की महिनाभरात गायब. चौघं बसून यवतेश्वरमार्गे कासला जाताना गाडीचा जीव जातो, दुसऱ्याच्या वर गियर पडत नाही. मेकॅनिक म्हणतो एसीचं सगळं सामान काढून टाका, वजन उतरेल, पिकअप येईल. काढू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : घाई करू नका. कॉम्प्रेसर, त्याचा ब्रॅकेट, पुढचा कंडेन्सर, डॅशबोर्डखालची कूलिंग कॉइल, ड्रायरची बाटली (गॅसमधला ओलावा शोषणारी), पाईप हे सगळं मिळून साधारण पंधरा-वीस किलो निघेल. तुमची टाकी २८ लिटरची, पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे फुल टाकी झाली एकवीस किलो. आता आठवून बघा, टाकी फुल असताना आणि रिझर्व्हला आलेली असताना तोच घाट चढलाय तुम्ही, फरक जाणवला होता का? गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास, वर तुम्ही चौघं, त्यात वीस किलोनी काय होणार. रेसवाले काढतात ते बरोबरच आहे, पण ते सीट, कार्पेट सगळंच काढतात आणि त्यांना सेकंदाचा हिशोब असतो.

एसी चालू असताना इंजिनवर लोड येतो हे खरं, ४० हॉर्सपॉवरच्या आतल्या इंजिनाला तो चांगलाच जाणवतो. पण तुमचा तर बंद आहे. बंद असताना कॉम्प्रेसरचा क्लच सुटलेला असतो, नुसती पुली फिरते. फक्त त्या पुलीचं बेअरिंग खराब असेल तर ती जड फिरते, घरघर येते, कधी बेल्ट जळल्याचा वास येतो. म्हणून सामानाला हात लावायच्या आधी एवढंच करा, इंजिन गार असताना कॉम्प्रेसरचा बेल्ट काढा (तो बेल्ट फक्त कॉम्प्रेसरच फिरवतो ना हे डोळ्यांनी बघून घ्या, वॉटर पंप त्याच्यावर असेल तर इंजिन तापेल), पुली हाताने फिरवून बघा आणि तीच चार माणसं घेऊन तोच घाट चढा. फरक पडला नाही तर दुखणं एसीचं नाहीच. मग इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करा, गाडीचा क्लच स्लिप होतोय का बघा, चाकं जॅकवर उचलून ब्रेक न दाबताच धरतायत का ते बघा, कार्ब्युरेटर साफ करून घ्या. इतक्या जुन्या गाडीत बहुतेक वेळा इथेच काहीतरी सापडतं.

आणि माझं मनापासून सांगणं आहे की एसी दुरुस्त करा. कासला आपण जातो ते ऑगस्ट-सप्टेंबरात, वर धुकं, पाऊस, आत चार माणसांचा श्वास, काच आतून पांढरी होते आणि समोरची एसटी दिसत नाही. एसीची कॉइल हवेतला ओलावा ओढून घेते, दोन मिनिटांत काच मोकळी. फडक्याने पुसत घाट चालवायचा म्हणजे जिवाशी खेळ आहे हो.

गॅस कुठून जातो ते पाईपांच्या जॉइंटवर बघा, जिथे तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तिथेच लीक आहे. मूळचा आर-१२ गॅस आता बंद झालाय. त्याच जुन्या ऑइलवर नुसता १३४ए हा नवा गॅस भरून दिला असेल तर ऑइल गॅसबरोबर नीट फिरत नाही आणि कॉम्प्रेसर झिजतो, तेव्हा ऑइल, ओ-रिंग (जॉइंटमधल्या रबरी रिंगा), ड्रायर तिन्ही बदलायला सांगा.

तरी काढायचंच ठरलं तर उरलेला गॅस मशीनवाल्याकडून काढून घ्या, नट ढिला करून हवेत सोडू नका, बोटं भाजल्यासारखी गारठतात आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. एसी लावल्यावर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वाढवणारी व्हॅक्यूमची नळी सुटेल तिला बूच मारा, नाहीतर आयडलिंग बिघडेल. डॅशखालचा कॉइलचा डबा मात्र राहू द्या, ब्लोअरची हवा त्यातूनच पुढे काचेकडे जाते. कॉम्प्रेसरची तोंडं बंद करून तो बोल्टांसकट घरीच ठेवा, भंगारात चारशे-पाचशेला देऊ नका.