खडूच्या भिंतीवरची अक्षरं

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमध्ये जुन्या वास्तू बघायच्या म्हणून तू कॅथीड्रलांची यादी पाठवलीस. ती बघच. पण एक अख्खा दिवस हर्टफर्डशरमधल्या ॲशवेल गावच्या सेंट मेरी चर्चसाठी ठेव. चौदाव्या शतकातलं बांधकाम, मनोरा टोकासकट 176 फूट. एवढ्याशा गावाला एवढा उंच मनोरा कशाला, असं तुला वाटेल. वाटू दे, पण माहितीपत्रक लगेच उघडू नकोस. आधी बाहेरून एक फेरी मार. दगडाचा रंग कुठे बदलतो, सांधा कुठे जुळत नाही, एवढंच वहीत टिपून घे.

तिथला दगड खडूच्या जातीचा आहे, स्थानिक लोक त्याला क्लंच म्हणतात. आपल्या काळ्या पाषाणावर टाकी घेऊन बसावं लागतं. इथे चाकूचं टोक पुरतं. म्हणून बाहेरची बाजू पावसापाण्याने खाल्ली आहे आणि आतली माणसांनी ओरखडली आहे. त्या ओरखड्यांसाठीच तुला पाठवतोय.

मनोऱ्याच्या आत उत्तरेच्या भिंतीशी जा. टॉर्च समोरून मारू नकोस. पहिल्या भेटीत मी तेच केलं आणि भिंत कोरी समजून निघालो होतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकेल असा आडवा धर. ओरखड्याच्या कडेला सावली पडते आणि लॅटिन अक्षरं उठून येतात. प्लेगची पहिली साथ पन्नासात एक कमी असताना, म्हणजे 1349 साली आली. मग 1350: दीनवाणं, रानटी, हिंसक, साक्षीला उरलाय तो माणसांतला गाळ. आणि शेवटी, 1361 साली सेंट मॉरच्या दिवशी जगभर गरजलेलं वादळ. हे मी दरवेळी वाचतो आणि दरवेळी गप्प होतो. प्लेगमधून वाचलेला कुणीतरी स्वतःला गाळ म्हणतोय.

आता यातून काय शिकायचं ते बघ. हे वादळ आपल्या गणतीने 15 जानेवारी 1362 चं. नॉरिच कॅथीड्रलचा कळस त्यातच कोसळला. भिंतीवर मात्र 1361 आहे, कारण तिथलं वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलायचं. आपला शक पाडव्याला बदलतो, त्यामुळे तुला हे लगेच उमगेल. दुसरं, अक्षरं कोरली तेव्हा भिंत उभी होती, एवढं नक्की. 1350 हा आकडा दिसला म्हणून भिंत 1350 ची ठरवू नकोस, कारण शेवटच्या ओळीतलं वादळ आधीच्या ओळींतल्या सालांनंतर कितीतरी वर्षांनी आलेलं आहे. एकाच हातचं अक्षर आहे का, ते स्वतः तपास.

जवळच एका मोठ्या चर्चचं चित्र कोरलंय. ते 1666 च्या आगीत गेलेल्या लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलचं मानतात. आणखी एकाने कोपऱ्यांचे सांधे नीट बसले नाहीत म्हणून थुंकतो असं लिहून ठेवलंय. मला तो गवंडीच वाटतो. दुसऱ्या कुणाला सांध्याचा एवढा राग कशाला येईल?

अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचा, हा शब्दही जपून वापर. हे लिहिणारे सगळे पोपच्या छत्राखालचे. आठव्या हेन्रीने 1534 मध्ये रोमशी संबंध तोडले, आणि त्याच भिंतींत उपासना बदलली. अशा चर्चमध्ये मूर्ती नसलेले रिकामे कोनाडे दिसले की थांब. वेदीकडचा भाग आणि लोकांच्या बसण्याचा भाग यांच्या कामातला फरकही बघ: पहिल्याचा खर्च पाद्रीच्या गादीकडे असायचा, दुसऱ्याचा गावाकडे. गावाकडे पैसा कधी होता, ते छपराच्या उंचीवरून कळतं.

चित्रं काढताना वही भिंतीला टेकवू नकोस आणि अक्षरांवरून बोट फिरवू नकोस. फोटो काढलेस तर प्रत्येकात मोजपट्टी ठेव, आणि टॉर्च कुठल्या बाजूने धरला होता ते फोटोच्या क्रमांकाशेजारी लिहून मला पाठव.

तुझा,
काका