पहिला ताव हातात घे

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसा बिस्किटाच्या वेष्टनाचं काम, रात्री सफाई कामगारांच्या मोर्चाचं पोस्टर, आणि उरलेल्या वेळात ‘मी कलावंत, जाहिरातवाली की कार्यकर्ती?’ हा घोर. सर म्हणतात, पोस्टर ही कला नव्हे. मोर्चातले मित्र म्हणतात, ब्रँडिंग करणं म्हणजे विकलं जाणं. दोघांचं तू इतकं मनाला लावून घेतलंस याचाच मला राग आला. पोस्टर कुठल्या कागदावर छापणार, हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं का? तूही ते लिहिलेलं नाहीस.

छापखान्यात जा. मशीनपाशी उभी राहा. पहिला ताव निघाला की भिंतीला लाव, बारा पावलं मागे जा आणि वाच.

एमरी डग्लसचं काम नीट बघ. बालसुधारगृहाच्या छापखान्यात त्याची शाईशी ओळख झाली, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात तो कमर्शियल आर्ट शिकला. १९६७ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचं वृत्तपत्र निघालं आणि त्याचं रूप त्याने घडवलं. पैसा तुटपुंजा, त्यामुळे काळ्याच्या जोडीला बहुतेकदा एकच रंग. त्या अडचणीतून त्याने जाड बाह्यरेषा काढली, छटांसाठी ठिपक्यांचे तयार कागद कापून चिकटवले. अंकाच्या मागच्या पानावरचं चित्र वस्तीतल्या भिंतींवर लागायचं. ज्या पँथरांवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, त्यांचा हा चित्रकार. जाहिरातीच्या वर्गात शिकलेलं त्याने फेकून दिलं नाही, तेच कामाला लावलं. २००७ साली लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं. रेघ तीच होती.

पॅरिसमध्ये मे १९६८ला विद्यार्थ्यांनी कला महाविद्यालय ताब्यात घेतलं, तेव्हाही पहिलं पोस्टर लिथोवर, म्हणजे शिळाछापावर छापलं. ते फार सावकाश निघतं म्हणून ते स्क्रीन प्रिंटिंगकडे वळले. खाली सही कुणाचीच नाही. छपाईचं काम कळत होतं म्हणून रातोरात भिंती भरल्या.

आता माझं ऐक. १९८२चा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडलेले. लालबागच्या ओळखीतल्या मंडळींनी पोस्टर मागितलं. मी लाल पट्टीत पांढरी, नाजूक, देखणी अक्षरं काढली. त्याच दिवशी एका साबणाच्या कार्टनची छपाई होती. तिथे हिरवा जुळेना म्हणून तीन तास मशीनमनच्या पाठीशी उभा राहिलो, चार वेळा शाई बदलायला लावली. संपाचं आर्टवर्क एका पोराच्या हाती धाडून दिलं. कागद हलका, शाई जास्त. रिव्हर्समधली, म्हणजे रंगात कोरी सोडलेली अक्षरं शाईने भरली, अनुस्वार बुजला, ‘संप’चं ‘सप’ झालं. लोकांनी तरी ती पोस्टरं चिकटवली. दुसऱ्या दिवशी गेलो तर एक म्हातारा कामगार खडूचा तुकडा घेऊन एकेका पोस्टरवर ते टिंब देत चालला होता. मी त्याला माझं नाव सांगितलं नाही.

साबणाचं काम केल्याची मला लाज वाटत नाही. त्यावर घर चाललं, बहिणीचं लग्न झालं. शिवाय तो साबण त्याच चाळींमधून वापरला जायचा आणि कार्टन उत्तम झालं होतं. यावर कुणाशीही वाद घालायची आजही माझी तयारी आहे. पण एकीकडे तीन तास उभा राहिलो आणि दुसरीकडे तीन मिनिटंही नाही, ते चुकलंच. कला, धंदा, चळवळ, काय म्हणायचं ते म्हण, पण मशीनपाशी उभी राहा.

तुझी फाइल पाहिली. हातमोज्याचं चित्र अस्सल आहे, त्याला हात लावू नकोस. ‘सन्मान’मधला अर्धा न फार बारीक झालाय, गडद निळ्यात तो भरणारच. जाड कर. आणि वेष्टनावर बिस्किटात काय काय आहे ते मुंगीएवढ्या अक्षरांत का? तुझ्या आजीला वाचता येईल का ते?

मोर्चा सोमवारी ना? शनिवारी छपाईला बस. पहिल्या तावाचा फोटो पाठवू नकोस, तावच गुंडाळून घेऊन ये. समोरच्या भिंतीला तू तो धर, मी गॅलरीतून वाचतो.