लिहावंसंच वाटत नाही, मग क्षेत्र चुकलं का?

‘कॉपीरायटिंग करतो, पैसे बरे मिळतात, घरात बसून काम आहे, पण लिहावंसंच वाटत नाही. माझं क्षेत्र चुकलं का?’ पुण्या-मुंबईच्या एजन्सींची जाहिरातींचा मजकूर लिहायची ही कामं आता सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमधून आणि पलूसकडच्या घरांतूनही चालतात, त्यामुळे इथे समुपदेशन करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. त्यातल्या एका मुलाची गोष्ट त्याच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून सांगते.

मुलगा पलूस तालुक्यातला, तिशीच्या आतला. आल्या आल्या म्हणाला, “मॅडम, लॅपटॉप उघडला की डोकंच बंद पडतंय बघा. बाकीच्यांना पॅशन असतंय, मला काहीच नाही.”

अशा वेळी मी आधी झोप, भूक, मित्र, घर यांची चौकशी करते. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो करिअरचा प्रश्न उरत नाही. तिथं आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. तेही लगेच जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलायचं. या मुलाचं तसं नव्हतं. रविवारी क्रिकेट जोरात, झोप शांत, जेवण व्यवस्थित. अडत होतं ते कामापाशीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली, तीही आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. थकवा, कामाविषयी आलेलं तुटलेपण आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशा तीन खुणा त्यात आहेत. याच्यात दुसरी ठळक दिसत होती.

पुढच्या वेळी त्याला म्हटलं, तू लिहिलेलं काहीतरी घेऊन ये. त्याने हळद पावडरीची जाहिरात आणली. ‘निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या स्वयंपाकघरात.’ खाली शुद्धता, परंपरा, विश्वास.

“तुझ्या घरी हीच पुडी येते का?”

“नाही मॅडम. आई हळकुंडं आणती आणि डंकावर कांडून घेती. पुडीत भेसळ असती म्हणती.”

“हळकुंड चांगलं कसं ओळखते ती?”

मग तो सांगायला लागला. आई हळकुंड मोडून आतला रंग बघते, वास घेते, वरून फारच पिवळंजर्द दिसलं तर परत ठेवते. (तिचा संशय रास्तच आहे, कारण हळदीला झळाळी आणायला शिशाचं क्रोमेट हा विषारी रंग वापरल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत.) सांगताना त्याचा आवाज बदलला होता. मी एवढंच विचारलं, की यातलं एकही वाक्य जाहिरातीत का नाही? तो गप्प बसला आणि थोड्या वेळाने खरं दुखणं बाहेर आलं.

काही महिन्यांपूर्वी त्याने एका कॅप्सूलची जाहिरात लिहिली होती, ‘साखर कायमची आटोक्यात’. मजकूर एजन्सीच्या सांगण्यावरून लिहिलेला. एक दिवस मावशीने तीच जाहिरात त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली विचारलं होतं, “घेऊ का रे? डॉक्टरांच्या गोळ्या बंद करता येतील.” घेऊ नकोस, हे त्याने तिला लगेच कळवलं. पण ती आपणच लिहिली आहे, हे कुणाला सांगितलं नाही. लॅपटॉप नकोसा व्हायला लागला तो त्याच सुमाराला.

माझं मत मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याच्यात उत्साहाची कमतरता नव्हती, त्याला लाज वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती. अशा मुलाला ‘पॅशन शोध’ म्हणून कोर्सला पाठवणं म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकणंच झालं. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदीच आहे. खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे त्याला माहीतच नव्हतं. एजन्सीला काय लिहायचं, याचा आम्ही बसून मसुदा केला. आरोप टाळले. हा दावा मी लिहू शकत नाही, कायदा असा आहे, त्याऐवजी हे लिहून देतो, एवढंच.

दुसरं काम त्याने स्वतःच काढलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तो जाहिरातीत लिहीत होता, पण मार्केट यार्डात हळदीचे सौदे कधी बघितले नव्हते. तो एका सकाळी गेला. अडत्याशी बोलला, शेतकऱ्याशी बोलला. लागणीपासून काढणीला नऊएक महिने, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं. परत येऊन त्याने जाहिरात नव्याने लिहिली. सुरुवात होती, ‘हळकुंड मोडून बघणाऱ्या आईसाठी’. एजन्सीने त्यातलं निम्मं कापलं, पण ती ओळ ठेवली.

“तरी पण मॅडम, हे काय लिखाण नव्हे,” असं तो मधूनच म्हणायचा. तेव्हा त्याच्याच तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीची आठवण दिली. लोखंडी नांगराने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांना तो नांगर पटवून द्यायचा होता. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथूनच १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचं पत्रक सुरू केलं. पुढे त्याचंच मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. ज्याला वस्तू नीट माहीत होती आणि शेतकऱ्याची शंका खरी वाटत होती, त्यानेच हे पत्रक लिहिलं.

आजही त्याला हॉटेलांच्या कॅप्शन लिहाव्या लागतात आणि त्यात त्याचं मन रमत नाही. ते ठीक आहे, सगळंच काम रमण्यासारखं कुठे असतं? कॅप्सूलचं काम एजन्सीने त्याच्याकडून काढून दुसऱ्या मुलाला दिलं आणि महिन्याचे पैसे थोडे कमी झाले. त्या दुसऱ्या मुलाला कायद्याची माहिती पाठवू का, असं त्याने गेल्या भेटीत विचारलं. पाठव म्हटलं, पण मावशीला खरं सांगून झाल्यावर.