यंत्रं असताना हाताने मोजक्याच प्रती का छापायच्या?

प्रश्न हौसेपेक्षा अक्षराच्या गुणवत्तेचा आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ भागातला, इंग्रज कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसचा केल्मस्कॉट प्रेस हा छापखाना बघा, 1891 ते 1898. वाफेच्या यंत्रांवर भराभर निघणारी तेव्हाची पुस्तकं बहुधा फिकट शाईची, किरट्या अक्षरांची आणि लवकर पिवळ्या पडणाऱ्या कागदाची. म्हणून मॉरिस चारशे वर्षं मागे गेला. व्हेनिसमधल्या निकोलस जेन्सनने 1470 च्या दशकात छापलेल्या अक्षरांचे मोठे फोटो काढून घेतले, त्यांवरून स्वतः वळण गिरवलं आणि छपाईचे नवे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, पाडून घेतले. कागद लिननच्या चिंध्यांचा, हाताने बनवलेला. छापण्याआधी तो ओलसर करायचा, म्हणजे दाब बसला की शाई आत मुरते आणि अक्षर काळंभोर, ठसठशीत उठतं. अशा पानावरून बोट फिरवलं की फरक कळतो!

मजकूरही जुन्या छापखान्यातला. विल्यम कॅक्स्टनने 1473 च्या सुमारास छापलेली ट्रॉयची कथा, म्हणजे इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक, मॉरिसने 1892 मध्ये पुन्हा काढलं. मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या साहित्याचा ग्रंथ 1896 चा, त्याच्या कागदी प्रती फक्त 425, चर्मपत्रावरच्या 13. त्यात चित्रकार बर्न-जोन्सची 87 चित्रं आहेत.

प्रती कमी, कारण प्रत्येक पान हातदाबाच्या यंत्रावर माणूस ओढतो. किंमत अर्थातच चढी, सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरची. ही खंत खुद्द समाजवादी मॉरिसच्या बाबतीतही खरी आहे. तरीही माझ्या मते त्याने पुढच्या छपाईला नजर दिली.